बदल्या केल्या की बँक चपळ होते? मुळीच नाही

निवृत्त_म्हापसा: स्केल_टू यांनी काल लिहिलं, ‘सगळी परिपत्रकं पोर्टलवर आहेत. अधिकारी कुठेही टाका, दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. जुन्यांचा अनुभव ही सबब आहे.’ राहवलं नाही. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शाखेत बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने घर तारण घेऊन कर्ज दिलं. कागदावर नाव नवऱ्याचं, सही फक्त नवऱ्याची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून इथे वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्ता दोघांची. बायकोच्या सहीशिवाय ते तारण टिकणार कसं? मुख्यालयाच्या चेकलिस्टमध्ये तो रकानाच नव्हता. ज्यांना ठाऊक होतं ते व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन घरी बसले होते.

स्केल_टू: मग लिहून का नाही ठेवलंत, काका? तारणाच्या जागेत मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने तिथे राहणाऱ्याचं, घर निघालं तर काय बघायचं, असं मी विचारलं तेव्हा सीनियरचं उत्तर होतं, ‘हळूहळू कळेल.’ चार्ज देताना चाव्या, कॅश आणि सह्या मिळाल्या. माहिती दाबून ठेवायची आणि वर आमच्यावाचून अडतं म्हणायचं!

फोंड्याची_लेक: कर्जाचं सोडा. माझ्या आईला हयातीच्या दाखल्यासाठी काउंटरवरून हिंदीत ओरडून परत पाठवलं. कोकणी येत नाही तर माणूस इथे पाठवता कशाला?

सांखळीकर: कोकणीच का? १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही स्थान आहे. मराठीत भरलेला फॉर्म माझ्याच तोंडावर परत केलाय.

फोंड्याची_लेक: तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच आणता! आईला धड बोलणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

सांखळीकर: भाषा तुम्ही काढलीत, मी नाही.

तपासनीस: भाषेसाठी वेगळा धागा काढा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये संवेदनशील पदांवरच्या लोकांना आगाऊ न कळवता सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायला सांगितलं. हेतू घोटाळे पकडण्याचा. पण त्याच दिवसांत कुठलं टेबल अडतं ते टिपून ठेवा. कुठली माहिती एकाच डोक्यात आहे, ते उघडं पडेल. आधी ती काढून घ्या, मग बदली करा.

निवृत्त_म्हापसा: हे पटतं. पण लिहायला वेळ कोण देतो? संध्याकाळी विम्याचं टार्गेट विचारतात, नोंदवही कोणी विचारत नाही.

स्केल_टू: टार्गेटचं खरं आहे. सहीचा मुद्दाही मान्य, चेकलिस्टमध्ये रकाना हवाच. बदल्या मात्र थांबवू नका. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसलेले लोक नवी स्क्रीन उघडायलाही तयार नसतात, आणि त्यांचं काम रोज मी करतो.