वीस वर्षांच्या नोंदी नसताना 'फूड फॉरेस्ट'चे आकडे सांगू नका

माडवाला, रत्नागिरी
गेल्या महिन्यात 'फूड फॉरेस्ट'बद्दल, म्हणजे जंगलासारखी उंच-बुटकी झाडं आणि वेली एकत्र लावलेल्या बागेबद्दल, एका कार्यक्रमात ऐकलं: 'जंगलबाग लावा, तिसऱ्या वर्षापासून एकरी लाखांत उत्पन्न.' आकडा कुठल्या बागेतला, असं विचारलं तर उत्तर मिळालं नाही. माझं दीड एकर आगर आहे. माड, पोफळी, मिरवेली, जायफळ, केळी सगळं आहे, म्हणजे मी या पद्धतीच्या विरोधात नाही. पण तीन वर्षांत काय कळतं? माडाच्या पोटात फुलोरा धरल्यापासून नारळ उतरेपर्यंत साडेतीन वर्षांच्या वर जातात. एका उन्हाळ्यात पाणी तुटलं की पुढची दोन-तीन वर्षं फटका बसतो. रोपापासून लावलेल्या जायफळात निम्मी झाडं नर निघतात, आणि तेही सहा-सात वर्षांनी कळतं. इंग्लंडात रॉथमस्टेडला एकाच शेतातला गहू 1843 पासून मोजतायत. आपल्या आगरांचं तसं कोणी करायचं?

कुळागरातली, सावईवेरे
दादा, पटलं नाही. आमच्या गोव्यातली कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या मिश्र बागा, पिढ्यान् पिढ्या उभी आहेत, याहून मोठा प्रयोग कुठला? वहीत विकलेला मालच चढतो. झऱ्याचं पाणी पाटानं खालच्या पोफळींपर्यंत जातं, बांधावर अळू, माडावर विड्याची पानं, भिरंडांची (कोकमांची) सोलं, वर्षाची लाकडं. माझ्या सासूबाईंनी बाजारातून मिरी आणलेली मी एकोणीस वर्षांत पाहिली नाही. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

कृषी पदवीधर, दापोली
काका, संशोधन झालेलंच नाही असं म्हणू नका. कासरगोडच्या केंद्रात नारळावर 1916 पासून काम चालू आहे. साडेसात मीटरवर लावलेल्या माडाची कामाची मुळं बुंध्याभोवती दोनेक मीटरांतच असतात, म्हणजे बागेतली साधारण पाऊण जमीन मोकळी राहते, हे तिथेच दाखवलं गेलं. त्यावरूनच बहुमजली पिकं आली. आपल्या विद्यापीठाच्या भाट्ये केंद्राची लाखी बाग तुमच्या घराजवळच आहे: चार माडांच्या मध्ये जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी, खोडावर मिरी. नर झाडांची भीती असेल तर मादी झाडाची कलमं लावा.

माडवाला, रत्नागिरी
लाखी बाग पाहूनच मी जायफळ लावलं, त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. पण केंद्रात पाणी, मजूर, कुंपण सगळं असतं. माझ्याकडे माकडं कोवळे नारळ पाडतात आणि पाडायला चढणारा माणूस आठ-आठ दिवस मिळत नाही. जायफळ तडकतं ऐन पावसात. पत्री, म्हणजे बीवरचं लाल आवरण, चुलीच्या वर जाळीवर पसरून वाळवावी लागते. एक रात्र ऊब कमी पडली की बुरशी येते, लाल रंग काळवंडतो आणि व्यापारी निम्म्या भावात मागतो. हे तास आणि हे नुकसान शेतकऱ्याच्याच बागेत मोजलं पाहिजे. डेव्हनमध्ये मार्टिन क्रॉफर्ड यांनी 1994 पासून दोनेक एकरांत जंगलबाग वाढवली आहे, पाचशेच्या वर जातींची झाडं आहेत. मोठं काम आहे. पण त्यांच्याकडे रोपवाटिका आहे, ते वर्गही घेतात. तिथला हिशेब उचलून कोकणात लावता येणार नाही.

शेतघर, पुणे
मी बावन्न वर्षांचा आहे. तुमच्या वीस वर्षांसाठी थांबलो तर बहात्तरीत रोप लावीन. राजापूरकडे उताराची उघडी जमीन घेतली तेव्हा पहिल्या पावसात ओहोळ लाल झाला होता. आज तिथे पातेरा (वाळला पाला) हलवला की खाली ओल लागते, गांडुळं दिसतात. पैसे अजून शून्य. तरी मी हे थांबवणार नाही.

माडवाला, रत्नागिरी
थांबा असं मी म्हणतच नाही. लावा. फक्त 'पैसे अजून शून्य' हे तुम्ही जसं सरळ लिहिलंत, तसं विकणाऱ्यांनीही लिहावं. कोणी कर्ज काढून लावतो, त्याला हे आधी कळायला हवं.

कुळागरातली, सावईवेरे
यंदापासून झाडवार वजन लिहायला मी तयार आहे. पण घरात खाल्लेलं, शेजारी दिलेलं, सगळं लिहीन. ते गाळायचं असेल तर माझी वही नको.

कृषी पदवीधर, दापोली
ताई, नक्की लिहा. पण दहा वह्या जमल्या तरी तुलनेला काही नसेल तर त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. मिश्र बागेइतकं उत्पन्न काढायला एकेक पीक वेगळं लावून किती जमीन लागली असती, हे निघायला हवं. त्यासाठी निदान शेजारीच, त्याच मातीत, निव्वळ माड हवेत.

माडवाला, रत्नागिरी
वरच्या बांधाकडे माझे बावीस माड आहेत, खाली काहीच लावलेलं नाही. या जूनमध्ये तिथे जायफळाची कलमं घालणार होतो, खड्डेसुद्धा मारलेत. ते बुजवतो. पाणी आणि शेणखत दोन्हीकडे सारखंच देईन. रकाने कसे आखायचे तेवढं तुम्ही सांगा.