पुण्याहून इंग्लंडला, पहिल्यांदाच हॉलमध्ये: बॅगेतून काय काढायचं?

प्रेषक: एका विद्यार्थिनीची आई, कोथरूड

नमस्कार मंडळी,

लेक सप्टेंबरमध्ये लीड्सला एमएससीसाठी येते आहे. खोली युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये (वसतिगृहात), बाथरूम स्वतंत्र, स्वयंपाकघर सहाजणांत एक, शेगडी इंडक्शनची. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा. पोचणार रविवारी संध्याकाळी. यादीत सध्या तीन लिटरचा कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, फोडणीचं कढलं, दोन सोलापुरी चादरी, रजई, एक्स्टेन्शन बोर्ड, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, तूप, सुकं खोबरं आणि देवाचं सामान आहे. वजन आत्ताच ५४ किलो भरतंय. काय काढू ते स्पष्ट सांगा.

प्रेषक: मंडळ सभासद, बर्मिंगहॅम

नमस्कार ताई,

आधी तूप काढा. भारतातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात आलं. खोबऱ्याच्या वाट्याही काढा. सुकं खोबरं तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं (त्या यादीतला क्रमांक यूएन १३६३). तूप, डाळ, तांदूळ इथल्या भारतीय दुकानांत मिळतं.

मसाला, मेतकूट, भाजणी मात्र नक्की द्या. प्रत्येकी अर्धा किलो पुरे, कारण तिच्या वाट्याला एखादं कपाट आणि फ्रिजची एक फळी येईल. पुण्यात त्या दिवसांत हवा दमट असते. भाजून दळलेला मसाला परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना पिशवी बंद केली की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी येते. जाड पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, मग झाकणाचा डबा. पदार्थाचं नाव इंग्रजीत चिकटवा.

कुकर: अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तुळशीबागेत जाताना लोहचुंबक घेऊन जा, तळाला घट्ट चिकटला तरच घ्या. एकटीला दोन लिटरचा पुष्कळ. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर द्या. इथे नेमकं माप शोधत बसावं लागतं. नेताना शिट्टी काढून कुकरच्या आतच ठेवा आणि उरलेल्या जागेत मसाल्याची पाकिटं भरा.

कढलं नको. त्याचा तळ इतका लहान असतो की भांडं ठेवलंय हे शेगडीला कळत नाही. बऱ्याच शेगड्यांना साधारण १२ सेंटिमीटरचा तळ लागतो. सपाट बुडाची छोटी कढई द्या, फोडणी त्यातच होईल. तवाही सपाटच हवा, खोलगट नको. आचेवर फुलका फुगवता येणार नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची सवय आत्तापासून करू द्या. लाटणं द्या, पोळपाट राहू दे. ओट्यावर लाटता येतं. मिक्सर चार-पाच किलोंचा, तोही राहू दे.

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद हवं, हे तिला बजावून सांगा. स्वयंपाकघरात बहुधा उष्णता ओळखणारा अलार्म असतो, पण पॅसेजमध्ये आणि खोल्यांत धूर ओळखणारा. दार उघडं राहिलं की मिरचीचा धूर पॅसेजमध्ये जातो, अलार्म वाजतो आणि सगळ्यांना खाली उतरावं लागतं. बाथरूमची वाफ आणि डिओडरंटचा फवारा यांनीही हा अलार्म वाजतो.

प्रेषक: मंडळ सभासद, लंडन

एक्स्टेन्शन बोर्ड काढाच. व्होल्टेज इथेही २३०, ५० हर्ट्झ, त्यामुळे आपली उपकरणं चालतात. फरक पिनेचा आहे: इथे तीन चौकोनी पिना आणि प्लगच्या आतच फ्यूज. बिनफ्यूजच्या अडॅप्टरला आपला बोर्ड जोडून त्यावर चार वस्तू लावल्या की जास्तीचा भार थांबवणारं काहीच राहत नाही. बरेच हॉल म्हणूनच असे बोर्ड काढायला लावतात. तपकीर गल्लीतून साधे दोन अडॅप्टर घ्या, फोन आणि लॅपटॉपपुरते. बाकी बोर्ड इथलाच, बीएस १३६३ (इथल्या प्लगचं ब्रिटिश मानक) लिहिलेला. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते.

रजई काढा. इथली सिंगल गादी ९० बाय १९० सेंटिमीटरची असते, तिच्या मापाची इलॅस्टिकची चादर आणि १०.५ टॉगचं (टॉग म्हणजे उबेचं माप) डूवे, म्हणजे इथली हलकी रजई, इथेच घ्यावं. पण दोन्ही चादरी काढू नका. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरहून मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात, तीही सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळातच. संध्याकाळी पोचणाऱ्या मुलीला पांघरूण विकत मिळणार नाही. एक सोलापुरी चादर, टॉवेल, साबण, एक ताटली-चमचा आणि पोह्यांचा चिवडा एकत्र वरच ठेवा. हॉलकडून बेडिंगचा संच आधी मागवता येत असेल तर आजच मागवा, म्हणजे तो खोलीत तयार मिळेल.

प्रेषक: एका विद्यार्थिनीची आई, कोथरूड

४५ किलोंवर आलं, मनापासून आभार. निरांजन आणि उदबत्ती चालेल ना? औषधांचं काय करू?

प्रेषक: मंडळाचा विद्यार्थी मदत गट, लीड्स

ताई, खोलीत उघडी ज्योत जवळजवळ सगळीकडे मनाई आहे, उदबत्तीसुद्धा. बॅटरीवरची पणती द्या.

औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या. ब्रँड इथे ओळखत नाहीत. लसींची नोंद जरूर द्या: एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस आणि मेनिन्जायटिसची मेनएसीडब्ल्यूवाय. ही राहिली असेल तर २५ वर्षांच्या आतल्या नव्या विद्यार्थ्यांना इथे जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) मोफत मिळते. त्यामुळे पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवायला सांगा.

पासपोर्ट, कॅस (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेली प्रवेशाची खात्री), टीबीचा दाखला आणि हॉलचा करार हातातल्या बॅगेत. व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. पासपोर्ट त्या खात्याला जोडलाय का, हे निघण्याआधी पुन्हा बघा. हॉलचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसह कागदावरही लिहून द्या, विमानतळावर फोन बंद पडला तर तोच उपयोगी पडेल.

रविवारी संध्याकाळी हॉलचं ऑफिस बंद असू शकतं. किल्ली कुठे आणि कोणाकडून मिळेल, हे ईमेलने आधीच विचारा आणि ते उत्तर छापून तिच्याजवळ द्या. खोलीत पोचली की बॅग उघडायच्या आधी गादी, भिंती, गालिचा, टेबल आणि बाथरूमच्या फटींचे फोटो काढायचे, आणि खोलीतल्या सामानाच्या तपासणीचा फॉर्म दिलेल्या मुदतीत भरायचा. फॉर्म राहिला तर आधीच असलेला डाग वर्षअखेर तिच्याच नावावर पडतो. विमानतळावरून युनिव्हर्सिटीची बस आहे का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.