मानसशास्त्राची इंटर्नशिप: जागा कॉलेजनं द्यायची की विद्यार्थ्यानं शोधायची?

रानजाई

एम.ए. मानसशास्त्राचं दुसरं सत्र संपत आलं की आमच्या विभागात प्रत्येकाच्या हातात एक कागद पडतो. कॉलेजचं लेटरहेड, जावक क्रमांक, खाली विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का. 'सदर विद्यार्थिनीस आपल्या संस्थेत इंटर्नशिपची संधी द्यावी, ही विनंती.' संस्थेच्या नावाची जागा कोरी, ती आपण भरायची. नव्या शैक्षणिक धोरणानंतर या ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, ४ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास.

मी राहते मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी. त्या कागदाच्या अकरा झेरॉक्स काढल्या. सरकारी दवाखान्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला गेलेले, दुसऱ्या खेपेला 'वरून परवानगी आणा', तिसऱ्या खेपेला 'नर्सिंगच्या मुलीच इतक्या आहेत, तुम्हाला कुठे बसवू?' शेवटी एका खासगी केंद्रानं चार हजार रुपये घेऊन मला ठेवून घेतलं. वीस दिवस मी काउंटरवर बसून अपॉइंटमेंटचे फोन केले आणि फायलींवर नंबर टाकले. प्रमाणपत्रावर मात्र छापलंय की केस हिस्टरी, चाचण्या आणि समुपदेशनाचं प्रशिक्षण पूर्ण केलं. ते प्रमाणपत्र दाखवून मला ४ क्रेडिट मिळाले. मला ते घ्यायची लाज वाटली.

त्या वीस दिवसांतली एकच दुपार खरी होती. नेहमीच्या ताई रजेवर होत्या, म्हणून एका लहान मुलाची सेगुईन फॉर्म बोर्डची चाचणी घेताना वेळ मोजायला मला बसवलं. लाकडी फळी, त्यात दहा आकारांच्या खाचा, आणि दहा ठोकळे जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर बसवायचे. तो मुलगा ठोकळा उचलायचा, बरोबर खाचेवर न्यायचा आणि खाली ठेवण्याआधी आईकडे बघायचा. मी सेकंद लिहून घेतले. पण त्या बघण्याचं काय करायचं? ते कुठे लिहायचं? विचारायला कोणीच नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची केली असेल, तर जागा मिळवून देणं हे विद्यापीठाचं आणि कॉलेजचं काम आहे. बी.एड.च्या मुलांना पाठ घ्यायला शाळा कॉलेजच ठरवून देतं. आम्हालाच दारोदार का फिरवता?

जुना_खडू

मी बावीस वर्षं हाच विषय शिकवतोय, त्यामुळे हे मनाला लागलं. तरी मी सहमत नाही.

आमच्या विभागात कायम शिक्षक दोन, बाकी तासिका तत्त्वावर. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ४८ विद्यार्थी. गावात मानसोपचारतज्ज्ञ तीन, त्यातले एक सरकारी. आता सांगा, ४८ जणांना मी कुठे बसवू? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. जागा मिळवून द्यायची सक्ती कॉलेजांवर केली तर काय होईल तेही मला दिसतंय. कॉलेजं पाच-सहा संस्थांशी सामंजस्य करार करतील, फोटो काढतील, कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की फाइल पुढे ठेवतील, आणि मुलं पुन्हा काउंटरवरच बसतील.

दुसरं असं की जागा स्वतः शोधण्यात शिक्षण आहे, असं मला मनापासून वाटतं. माझ्या एका विद्यार्थ्याला कुठेच जागा मिळेना. तो ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात गेला. आईबाप सहा महिने कारखान्याच्या फडावर, मुलं मागे गावात. रात्री झोपताना ती मुलं काय बोलतात याच्या त्यानं नोंदी केल्या. मी त्याला यादी दिली असती तर तो यादीतल्याच ठिकाणी गेला असता. मानसशास्त्र म्हणजे फक्त दवाखाना, हे आपल्या डोक्यात बसलंय. शाळा, वृद्धाश्रम, महिला-मुलांना मदत करणारा पोलिसांचा भरोसा सेल, कारखान्यातला मनुष्यबळ विभाग, ही सगळी आपलीच क्षेत्रं आहेत.

निशिगंध

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. पुण्यात प्रॅक्टिस करते. एप्रिल-मे आला की असे शिक्का मारलेले कागद माझ्याकडे रोज येतात. बहुतेकांना मी नाही म्हणते. का, ते सांगते.

तुम्ही दोघंही जागेबद्दल बोलताय. त्या जागेत समोर जो माणूस बसलेला असतो, त्याच्याबद्दल अजून कुणीच बोललं नाही. बाई घरातली मारहाण सांगायला आलेली असते. तिच्यासमोर वही-पेन घेतलेली अनोळखी मुलगी मी बसवायची, कशासाठी? तर मुलीचे १२० तास भरायचेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं तेविसावं कलम उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतं. माझ्या खोलीत विद्यार्थी बसतो तेव्हा त्या हक्काची जबाबदारी माझ्यावर असते, कॉलेजवर नसते.

एम.फिल.ला आम्ही दोन वर्षं पूर्ण वेळ रुग्णालयात होतो. पहिले कित्येक आठवडे फक्त ऐकायचं. हिस्टरी घेतली की मॅडम लाल पेनानं अर्धं पान खोडायच्या आणि विचारायच्या, 'हे रुग्ण म्हणाला की तुला वाटलं?' त्या एका प्रश्नानं मला घडवलं. असं विचारणारं कुणी नसेल तर १२० तास काय आणि हजार तास काय. म्हणून मी एका वेळी दोघांनाच घेते. आठवड्यातून एक तास त्यांच्या नोंदींवर बसते. पैसे कधीच घेतले नाहीत. शिकायला आलेल्या मुलीकडून चार हजार घेऊन तिला फोनवर बसवणं हे चूकच आहे. पण त्या तासात माझी एक भेट बुडते, आणि कुठलंही विद्यापीठ त्याचा एक रुपया देत नाही.

बी.ए.च्या मुलांना तर उपचाराच्या खोलीत आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १२० तास भरले की नावापुढे 'समुपदेशक' लिहून बोर्ड लावणारे मी पाहिलेत.

पायवाट

मी समाजकार्याचं, एम.एस.डब्ल्यू.चं शिक्षण घेतलंय. खडू सर, आदर राखून सांगते, 'जमणार नाही' हे मला पटत नाही. आमच्याकडे हे चालत आलंय. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, आणि क्षेत्रकार्य हा त्याचा कणा मानला जातो. आठवड्यातले दोन दिवस वर्ग नाहीतच. वस्ती, रुग्णालय, बालगृह, न्यायालय, कुठे जायचं ते कॉलेज ठरवतं. दर आठवड्याला अहवाल लिहायचा, तो शिक्षक वाचतात, मग समोरासमोर बसून चर्चा. आमच्या कॉलेजात हे तास शिक्षकांच्या कार्यभारात धरले जायचे, म्हणून ते होत होतं.

पहिल्या महिन्यात मी बालगृहात एका मुलीला 'तू घरी का जात नाहीस?' असं विचारून बसले. ती आठ दिवस बोलली नाही. अहवाल वाचून आमच्या मॅडमनी मला तासभर समोर बसवलं. ओरडल्या नाहीत. तो प्रश्न त्या मुलीला कसा ऐकू आला असेल, ते माझ्याच तोंडून काढून घेतलं. हे वीस दिवस सलग भरून होत नाही. आठवड्याला दोन दिवस असले की चुकायला, विचार करायला आणि परत जाऊन सुधारायला वेळ मिळतो.

एक_आई

मी या क्षेत्रातली नाही, पण लिहावंसं वाटलं. माझ्या मुलाची अध्ययन अक्षमतेची तपासणी चालू होती तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात दोन मुली बसल्या होत्या. आम्हाला कुणी विचारलं नाही, त्या कोण तेही सांगितलं नाही. मुलगा वाचताना अडखळला की त्या खाली मान घालून लिहायच्या. महिनाभरानं त्यातली एक आम्हाला बसस्टॉपवर दिसली. मुलगा माझ्यामागे लपला. घरी येऊन म्हणाला, 'तिला माहितीये मला वाचता येत नाही.'

दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा एक मुलगी आधी त्याच्या उंचीला वाकली आणि म्हणाली, 'मी शिकायला आलेय, तू हो म्हणालास तरच बसेन.' तो हो म्हणाला. त्यामुळे मुलांनी शिकू नये असं मी म्हणत नाही. पण आधी आम्हाला विचारा, आणि आम्ही नाही म्हटलं तर तोंड वाकडं न करता बाहेर थांबा.

जुना_खडू

ताई, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवेन, परवानगी असेल तर.

पायवाट, तुमच्याकडे शिक्षणाची सुरुवातच क्षेत्रकार्यापासून झाली. आमच्याकडे प्रयोगशाळेपासून झाली, आणि अजूनही प्रात्यक्षिक म्हणजे चाचणी वर्गमित्रावरच घ्यायची. आणि बी.ए.च्या मोठ्या वर्गांना तुमची पद्धत कशी लावायची, याचं उत्तर मला अजून दिसत नाही. तरी कार्यभाराचा मुद्दा मला मान्य आहे. मी आत्ता १२० तासांच्या ४८ वह्यांवर सह्या करतो, एकाही वहीवर तासभर बसत नाही. कारण ते माझ्या वेळापत्रकात कुठेच नाही. पण जागा शोधायचं काम विद्यार्थ्यांकडून पूर्ण काढून घेऊ नये, हे मत मी बदललेलं नाही.

सोनचाफा

खडू सरांच्या बाजूनं एक. मी स्वतःच शोधाशोध करून एका व्यसनमुक्ती केंद्रात गेले आणि तिथेच आज नोकरीला आहे. कॉलेजनं पाठवलं असतं तर तिथे गेले नसते. मात्र माझे वडील बरोबर येऊ शकत होते, गाडी होती, आणि पुण्यात दोन महिने राहायला मावशीचं घर होतं. हे सगळं नसलेल्या माझ्या दोन मैत्रिणींनी प्रमाणपत्र विकत घेतलं, हेही तितकंच खरं.

रानजाई

सोनचाफा, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजेच माझा मुद्दा. दार ठोठावायला मला भीती वाटत नाही, अकरा दारं ठोठावली मी. पण शहरात मावशी असलेल्या मुलीला दार उघडतं आणि तांड्यावरून एस.टी.नं येणारीला चार हजार मागतात, हे विद्यापीठानं का चालू द्यावं?

खडू सर, वसतिगृहातल्या त्या मुलाचं उदाहरण मला आवडलं. पण त्याच्या नोंदी तुम्ही वाचल्या म्हणून ती इंटर्नशिप झाली ना? मग यादी नसेना का. विद्यार्थ्यानं आणलेली जागा विभागानं एकदा जाऊन बघावी, पैसे घेणारी जागा नाकारावी, आणि दर आठवड्याला एक तास वेळापत्रकात लावावा. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तिथे परवानगीचं पत्र विद्यापीठानं आरोग्य विभागाला लिहावं. आम्ही एकेकट्यानं जाऊन ते मिळत नाही. निशिगंध मॅडमसारख्यांच्या तासाला मानधन द्यावं. परीक्षा शुल्क आम्ही भरतोच, त्यातून द्या.

आणि सगळ्यांत आधी, एक_आई, मी त्या दुपारी त्या मुलाला विचारलं नव्हतं. त्याच्या आईलाही नाही. मला सुचलंच नाही आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. हे वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

निशिगंध

मानधन मिळालं तरी मी दोघांनाच घेईन, यात बदल नाही. पण परवानगीच्या पत्राबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

त्या बघण्याचं काय करायचं, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. त्या मुलाबद्दल इथे उघड्यावर आणखी काही लिहू नका. मुलं चाचणीत मोठ्यांकडे बघतात, ते सेकंदांच्या शेजारी वर्तनाच्या नोंदीत लिहायचं असतं, आपला अर्थ न लावता: कधी बघितलं, किती वेळा, आणि बघितल्यावर हात थांबला की चालू राहिला. ही चाचणी तीनदा घेतात. तुमच्या वहीत तिन्ही फेऱ्यांचे सेकंद असतील. पहिल्या फेरीत बघणं जास्त आणि तिसरीत कमी झालं का, ते आठवून बघा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा. मग वही घेऊन खडू सरांकडे जा. सर, हिला एक तास द्याल का?

जुना_खडू

कॉलेज वेगळं असलं तरी चालेल. मला निरोप पाठवा. शनिवारी अकरानंतर मी मोकळा आहे. वही आणा, मुलाचं नाव खोडून.