गंधकाआधी चुनखडी आणि बोअरचे पाणी तपासावे

पॉलिहाऊसमधील जरबेरा या फुलपिकाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, यावर मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) उतरवण्यासाठी गंधक टाकण्याचा सल्ला दिला जातो; तो चुकीचा नाही, परंतु सोलापूरच्या जमिनीसाठी अपुरा आहे. आपल्याकडील काळ्या मातीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो, तर जरबेराला ५.५ ते ६.५ मानवतो; सामू जास्त असला की मुळांना लोह मिळत नाही आणि पाने अशी पिवळी पडतात. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच फसफसून बुडबुडे आले, तर मातीत चुनखडी आहे आणि गंधकापासून तयार होणारे आम्ल तीच खाऊन टाकणार, असे समजावे; अशा वेळी चुनखडीविरहित लाल माती आणून गादीवाफे भरणेच परवडते. गंधक वापरायचेच असेल, तर जिवाणूंना त्याचे आम्ल करण्यास काही आठवडे ते महिने लागत असल्याने ते लागवडीपूर्वीच मिसळावे. शिवाय बोअरच्या पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट हा क्षार ठिबकमधून सामू रोज वर ढकलत राहतो, त्यामुळे पाण्याचा तपासणी अहवाल पाहूनच नायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाची मात्रा ठरवावी (आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नव्हे). तोवर पिवळेपणावर ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड लोह (पिकाला घेता येईल असे विद्राव्य राखलेले लोह) द्यावे. स्वस्तातले ईडीटीए लोह एवढ्या सामूला टिकत नाही.