अंतर समान ठेवण्यापेक्षा डुलकी कुठे लागते ते पाहा

महामार्गावर चालकांना थांबून आराम करता यावा म्हणून दर ५० किलोमीटरला एक विश्रांतिस्थळ हवं, असं सुचवलं जातं. नकाशावर ते छान दिसतं, पण थकवा किलोमीटर मोजून येत नाही. पहाटे २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत शरीर आपणहून झोपेकडे झुकतं. म्हणून आधी अपघातांच्या नोंदी वेळेनुसार लावून बघायला हव्यात. एकटंच वाहन रस्ता सोडून गेलं आणि ब्रेकच्या खुणाच नाहीत, असे अपघात जिथे दाटलेले दिसतात, तिथे चालक बहुधा झोपलेला असतो. थांबा मात्र त्या जागेच्या बराच अलीकडे हवा. ताशी १०० च्या वेगात ४ सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर आंधळा प्रवास!

ट्रकचालकांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युरोपीय संघात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, पण रात्री थांबे भरलेले असले तर चालक करणार काय? एक तर तसाच पुढे जाणार, नाहीतर कडेला अंधारात गाडी लावणार. दोन्ही जीवघेणं. त्यामुळे जागा निवडताना रात्रीची गर्दीच मोजा. आणि पुढचा थांबा किती दूर आहे, तिथे जागा आहे का, हे आधीच्या थांब्यापूर्वीच फलकावर दिसायला हवं.