मदत हवी आहे: हुडीवर जॅकेट घातलं की आतली हुडी बाहेर येते (रोब्लॉक्स, लेयर्ड कपडे)

मंडळी, रोब्लॉक्स या गेमसाठी लेयर्ड कपडे, म्हणजे अवतारावर एकावर एक चढवता येणारे थ्रीडी कपडे, करणारं कोणी आहे का इथे? गाडी एका जागी अडकलीये.

एक हुडी आणि तिच्यावर घालायचं जॅकेट असा जोड केलाय, दोन्ही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. एकेकटे घातले तर मस्त बसतात, बारीक अवतार असो, जाडा असो नाहीतर चौकोनी खांद्यांचा ब्लॉकी असो, काही तक्रार नाही. पण हुडीवर जॅकेट चढवलं की संपलं, कोपराला आणि काखेत हुडीचा राखाडी रंग जॅकेटमधून आरपार दिसतो, नुसतं उभं असताना थोडाच, पण अवतार पळायला लागला की डाव्या बाहीवर निळ्याराखाडी ठिगळांची नुसती चमचम.

आधीच सांगतो म्हणजे तेच तेच विचारायला नको. मेश (कपड्याचा थ्रीडी आकार) ४००० ट्रँगलच्या आत आहे, वेट (कुठलं हाड कापडाला किती हलवतं ते) मॅनिकिनच्या बॉडीवरून ट्रान्सफर केलेत, एका व्हर्टेक्सला (मेशच्या बिंदूला) ४ पेक्षा जास्त हाडं नाहीत, केजची (कपड्याचे न दिसणारे पिंजरे, इनर अंगाच्या बाजूचा आणि आउटर बाहेरचा) नावं बरोबर आहेत, जॅकेटचा आउटर केज जॅकेटच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आहे, हे फिरवून फिरवून बघितलंय. रॅपलेयरमध्ये ऑर्डर, म्हणजे कोण आत आणि कोण वर, हुडीला १ आणि जॅकेटला २.

आता जॅकेटच जाड करू का? पण मग नुसत्या टीशर्टवर घातलं की गादी गुंडाळल्यासारखं दिसेल, ते नकोय. कुठे बघू?

प्रतिसाद १
वेट पेंटचा लोचा असणार, माझंही कोपरालाच व्हायचं. लोअर आर्म आणि अप्पर आर्मच्या मधला भाग स्मूद करून बघ.

प्रतिसाद २
वेटचा लोचा असता तर एकटं जॅकेट घालून पळतानाही कोपराला वेडंवाकडं झालं असतं ना, ते तर होत नाहीये. जॅकेटला सध्या हातच लावू नका, हुडीचा आउटर केज उघडा.

कसं आहे, जॅकेटला आतला हुडीचा मेश दिसतच नाही, त्याला फक्त हुडीचा आउटर केज कळतो. जॅकेटचा इनर केज त्या केजवर नेऊन बसवला जातो आणि त्याच्याबरोबर जॅकेटचा मेश ताणला जातो. म्हणजे हुडीचा आउटर केज टेम्प्लेटमधून आला तसाच अंगाला चिकटलेला राहिला असेल, तर जॅकेटच्या हिशेबाने आत हुडी नाहीच, उघडं अंग आहे. मग ते अंगालगत जाऊन बसतं आणि हुडी वरून बाहेर. हुडी एकटी घातली तर हे कळायला मार्गच नाही, कारण तेव्हा तिच्या आउटर केजकडे कोणी बघत नाही!

खात्री करायची असेल तर तेच जॅकेट दुसऱ्या कुठल्याही नीट बनवलेल्या लेयर्ड स्वेटरवर घालून बघा, तिथे गुपचूप बसलं तर दोष हुडीत.

दुरुस्ती हातानेच करायची. हुडीचा आउटर केज एडिट मोडमध्ये घ्या, बाहीचे व्हर्टेक्स निवडून ऑल्ट एस ने फुगवा, प्रपोर्शनल एडिटिंग चालू ठेवून. कापडाच्या जेमतेम बाहेर आला की थांबा, जास्त फुगवला तर वर येणारा प्रत्येक कपडा टम्म दिसतो. काखेत मात्र जपून, तिथे हाताचा केज आणि धडाचा केज एकमेकांत घुसतात आणि मग वेगळाच तमाशा. आणि काही झालं तरी केजचा एकही व्हर्टेक्स डिलीट करू नका, वाढवू नका, यूव्हीला (बिंदूंच्या सपाट नकाशाला) हात लावू नका, एका केजचा बिंदू दुसऱ्या केजच्या कुठल्या बिंदूशी जुळतो ते यूव्हीवरूनच ठरतं. हुडीचा इनर केज आहे तसाच राहू दे.

धागाकर्ता
अहो तुम्ही देवमाणूस आहात. स्वेटरवर जॅकेट एकदम गुपचूप बसलं. मग हुडीचा आउटर केज वायरफ्रेममध्ये बघितला तर छातीवर व्यवस्थित बाहेर, पण दंडापासून मनगटापर्यंत कापडाच्या आत. बाही फुगवली, एफबीएक्स फाइल परत रोब्लॉक्समध्ये आणली, आता पळताना पण ठिगळं नाहीत. काखेत एक बारीक रेघ दिसते पण हात पूर्ण वर केला तरच, ती चालवून घेतो.

अजून एक, हुडीची टोपी पाठीवर पडलेली आहे, ती जॅकेटच्या पाठीतून अर्धी बाहेर येते. त्यासाठी मानेमागचा केज पण टोपीच्या बाहेर ओढू का?

प्रतिसाद २
नको. एवढा ओढलात तर जॅकेटच्या पाठीला कुबड येईल, टोपी नसलेल्या ठिकाणीही. मी टोपी हुडीतून काढून वेगळी ॲक्सेसरी करतो, जॅकेटच्या वर बसणारी. थोडं जास्तीचं काम आहे, पण खऱ्या आयुष्यातही टोपी कॉलरच्या बाहेरच काढतो ना आपण. हुडीचा गळा मात्र नीट बंद करून घ्या, टोपी काढल्यावर तिथे भोक राहतं आणि मागून बघितलं की मान गायब.