मदत हवी आहे: धुऱ्यावरचे फुलपाखरू प्लेन टायगर की डॅनेड एगफ्लायची मादी?

सिंदेवाही तालुक्यातील आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर काल सकाळी नारिंगी रंगाचे एक फुलपाखरू दिसले, ज्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढरा तिरपा पट्टा होता. प्रथमदर्शनी मी ते प्लेन टायगर समजलो. परंतु डॅनेड एगफ्लायची मादी, पक्ष्यांनी आपल्याला टाळावे म्हणून, रुईच्या चिकातले विष अंगात साठवणाऱ्या याच फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते, हे आठवले आणि खात्री डळमळली. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतात, नरात चौथा. एगफ्लायच्या मादीत मात्र वरच्या कडेजवळ एकच ठिपका असतो. माझ्या छायाचित्रात एकच ठिपका स्पष्ट दिसतो, तथापि पुढच्या पंखाने मागच्या पंखाचा बराच भाग झाकला आहे. ते रुईवर बसले होते खरे, पण खाली घोळही भरपूर उगवली आहे आणि एगफ्लायच्या अळ्या घोळ खातात, त्यामुळे झाडावरून निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते. मागच्या पंखाच्या कडेचा नागमोडीपणा किंवा छातीवरील पांढरे ठिपके पाहून हा निर्णय खात्रीने करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.